खडखड, झणझण आणि करकर

मराठी माणसाला आवाजांची नावे शिकवावी लागत नाहीत. भांडे खणकन पडते, काच खळकन फुटते, बिजागरी करकरते, पैंजण छुमछुमतात आणि एस. टी. खडखडते. व्याकरणाच्या पुस्तकात या शब्दांना 'अनुकरणवाचक' म्हणून एक लहानसा कोपरा दिलेला असतो. वर्गात ते शिकवताना मुले हसतात, परीक्षेत त्यांच्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो, आणि तेवढ्यावर त्यांची बोळवण होते. पण यांतले चार-पाच शब्द कानाला नीट ओळखता आले तर मोटारीच्या खर्चात काही हजार रुपये वाचतात, हे यंदा आमच्या घरी दिसून आले. एरवी या सदरात एका पानात आटपावे लागते. दिवाळी अंकात संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा ही हकीकत जरा ऐसपैस सांगतो.

आमच्या दादांचा मुलगा नोकरीला लागून दोन वर्षे झाली. पहिल्या वर्षी त्याने एक जुनी, लहानशी मोटार हप्त्यांवर घेतली आणि दुसऱ्या वर्षी तिच्या डिकीत बारा इंची स्पीकरची एक पेटी बसवली. तिला सबवूफर म्हणतात. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकतो. त्यातला 80 च्या खालचा खर्ज तेवढा या पेटीच्या वाट्याला. ती गात नाही, शब्द उच्चारत नाही, नुसती घुमते. पण ती घुमू लागली की सारी मोटारच बोलू लागे. पुतण्या फाटकातून आत येत असे तेव्हा आधी नंबर प्लेट ऐकू येई, मग डिकीचे झाकण, मग दारे, आणि सर्वांत शेवटी गाणे.

"मग आवाज कमी करायला सांगा की त्याला!" असे वाचकांपैकी निम्मे तरी म्हणतील. मीही तेच म्हणत होतो. पण मध्ये एक कॅसेट आली.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, कचेरी सुटली की भजनी मंडळात पखवाज वाजवीत. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्या वादनाची घरात एकच खूण उरली आहे: आषाढी एकादशीच्या भजनाची, मंडळातल्या कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली एक कॅसेट. पुतण्याने ती खटपट करून संगणकावर उतरवली आणि आजीला मोबाईलवर ऐकवली. आई कान लावून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "टाळ ऐकू येतायत रे. ह्यांचा डावा हात कुठे गेला?"

डावा हात कॅसेटवर होता. पण मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. खर्ज उमटवायला जेवढी हवा हलवावी लागते तेवढी त्याच्याने हलत नाही. घरातला रेडिओही त्याच पंक्तीतला. पखवाजाचा धुमा ऐकवील असे एकच यंत्र आमच्या कुटुंबात होते, ते मोटारीच्या डिकीत. म्हणून आईला मोटारीत नेऊन बसवले. धुमा आला, जेवढा त्या टेपवर उतरला होता तेवढा आला. पण त्याच्या प्रत्येक थापेला मागचे दार 'झर्र' म्हणे. आईने दोन मिनिटे सोसले. मग म्हणाली, "बंद कर बाबा. मागे कुणी सूप पाखडत बसलंय असं वाटतंय."

पुतण्या दुसऱ्याच दिवशी एका दुकानात गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की हे 'व्हायब्रेशन' आहे आणि सबंध गाडी आतून मढवून घेतली पाहिजे. खर्च 25,000 रुपये, हप्त्याने दिले तरी चालतील. मला खटकले ते हे, की खडखड, झणझण, करकर, खुळखुळ या सगळ्यांना त्या दुकानात एकच शब्द होता, आणि म्हणून सगळ्यांवर एकच औषध.

मोटारीत हे घडते कसे, ते आधी पाहू. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. 40 हर्ट्झच्या सुराची एक लाट त्यामुळे साडेआठ मीटर लांब होते. लहान मोटारीची बैठकीची पोकळी अडीच-तीन मीटरांची. ही लाट आत मावतच नाही. मग आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, सायकलच्या पंपात होते तशी. घरातल्या खोलीपेक्षा मोटारीत खर्ज जोरकस वाटतो तो याचमुळे. आवाज 120 डेसिबलपर्यंत चढवला (आणि हौशी मंडळी चढवतात) तर हवेचा दाब 20 पास्कलने वरखाली होतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण एक चौरस मीटर छपरावर त्याचा हिशेब केला तर सुमारे दोन किलोंचे वजन भरते. दोन किलोंचा हात छपराला सेकंदातून चाळीस वेळा बाहेर ढकलतो आणि चाळीस वेळा आत ओढतो. छप्पर म्हणजे मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा. त्याने गप्प बसावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

शिवाय प्रत्येक वस्तूचा स्वतःचा असा एक लाडका सूर असतो. त्या सुराने हाक मारली की ती जास्तीत जास्त हलते. यालाच शास्त्राच्या पुस्तकात अनुनाद म्हणतात. मागचा ट्रे एका सुराला उठतो, नंबर प्लेट दुसऱ्या, दार तिसऱ्या. सगळे एकदम थरथरतात असे गाणे ऐकताना वाटते, कारण गाण्यात सगळे सूर एकामागून एक येतात. ते सुटे करून ऐकले की चोर एकेक करून सापडतो.

तसे आम्ही माघातल्या एका रविवारी सकाळी केले. सर्वांत आधी गाडी रिकामी केली. कप्प्यांतून आणि दारांच्या खिशांतून निघालेला ऐवज असा: सत्तावीस रुपयांची नाणी, चष्म्याचे रिकामे घर, कुलूप हरवलेल्या दोन किल्ल्या, एक छत्री, पाण्याच्या तीन बाटल्या आणि अत्तराची एक कुपी. स्टेपनीच्या खोबणीत जॅक आणि पाना मोकळेच पडले होते; ते आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट बसवले. मागच्या सीटवर कुणी नसले की पट्ट्याची धातूची जीभ बाजूच्या प्लास्टिकवर आपटते. तीही अडकवून टाकली. इतके होताच निम्मी खुळखुळ थांबली. खर्च शून्य.

मग मोबाईलवरून एकच सूर लावला, 20 हर्ट्झपासून 120 पर्यंत हळूहळू चढत जाणारा. इंजिन बंद, काचा बंद, आवाज बेताचा. (इंजिन बंद ठेवून फार वेळ वाजवू नये, बॅटरी उतरते. आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून तर हा उद्योग कधीच करू नये. त्या धुराने माणसे दगावतात.) पुतण्या पुढे बसून सूर सांभाळी आणि मी मागे बसून वस्तूवस्तूवर तळहात ठेवी. हात दाबल्यावर आवाज थांबला की ती वस्तू सापडली. वहीत नोंदी होत गेल्या: 33 ला मागचा ट्रे, 41 ला नंबर प्लेट, 45 ला छप्पर, 68 ला उजवे मागचे दार. अण्णांचा धुमा या शेवटच्या घरात पडत होता.

आता शब्दांकडे येतो. खडखड म्हणजे दोन कठीण वस्तू, मध्ये फट, आणि एक सैल. तिला आवळणे किंवा काढून टाकणे एवढाच उपाय. वर काही चिकटवून भागत नाही. डिकीचे झाकण खडखडत होते. त्याच्या कडेला रबराचे दोन ठोकळे असतात, ते फिरकीसारखे फिरवून वर घेता येतात. अर्धा-अर्धा वळसा दिल्यावर झाकण घट्ट टेकू लागले आणि खडखड गेली.

झणझण पातळ पत्र्याची. नंबर प्लेट झणझणते. हल्लीच्या सुरक्षित नंबर प्लेटा एकदाच बसणाऱ्या खिट्ट्यांनी ठोकलेल्या असतात, त्या उचकटायच्या नाहीत. प्लेटीच्या मागच्या फटीत चारी कोपऱ्यांना फोमच्या चिकटपट्टीचे तुकडे बाजूने सरकवले की पुरे. आकडे झाकले जाता कामा नयेत, हे सांगायला नकोच.

करकर आणि कुरकुर या चुलत बहिणी. प्लास्टिकवर प्लास्टिक घासले की त्या जन्म घेतात, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते: ते आवळायला जातात. आवळल्याने घर्षण वाढते आणि करकरही वाढते. या दोघींमध्ये बनातीची पातळ पट्टी घालावी लागते. मागचा ट्रे ज्या खाचांवर टेकतो तिथे अशा पट्ट्या लावल्या आणि 33 हर्ट्झची नोंद वहीतून खोडली.

खुळखुळ पोकळीतल्या सुट्या वस्तूची. दाराच्या पोटात एखादा स्क्रू पडलेला असतो, नाही तर आतल्या पट्टीची खुंटी तुटलेली असते. त्या प्लास्टिकच्या खुंट्या काही रुपयांना मिळतात आणि दार उघडताना हमखास तुटतात. आधीच डझनभर आणून ठेवाव्यात.

उरले ते घुमणे. इथे काहीच सैल नसते, काही घासत नसते. पत्रा स्वतःच आपला सूर लावून बसतो. दुकानदाराचे औषध खरोखर लागू पडते ते इथे, आणि फक्त इथे. ब्यूटाइल रबराचा दोनएक मिलिमीटर जाडीचा चिकट तक्ता येतो, वर ॲल्युमिनियमचे अस्तर असलेला. तो पत्र्याला चिकटवला की दोन गोष्टी होतात. पत्रा जड होतो म्हणून त्याचा सूर उतरतो. आणि पत्रा हलू लागला की पत्रा व अस्तर यांच्यामध्ये रबर ओढाताणीत सापडते आणि त्या हालचालीची किंचित उष्णता करून टाकते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. आधी 'टण' वाजणारे दार आता 'थप' वाजते. बाजारात माठ घेताना आपण उलट करतो एवढेच.

पुतण्या हे सारे आजीला समजावीत होता. आई म्हणाली, "एवढं काय सांगतोस! धुम्याला कणीक लावतात तसंच की." मी चकित झालो. इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक थापतात. वजनाने कातड्याचा सूर खाली येतो आणि थाप भरदार होते. उजव्या तोंडावरची शाई हेही वजनच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात याच विषयावर लिहिले होते: साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या तबल्या-मृदंगांना मध्यभागी भार दिल्यामुळे ते सुरेल नात्यात येतात. अण्णा तो भार रोज संध्याकाळी अंगठ्याने थापत आणि वाजवून झाल्यावर कणीक सोडवून ठेवीत. आईने संसाराची चाळीस वर्षे ती कणीक भिजवून दिली होती. तिला रबराचा तक्ता कळायला काय उशीर!

कणीक कुठे लावायची हा पुढचा प्रश्न. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज ओढण्याचा प्रयोग दिला आहे. पत्रा जिथे हलतो तिथली वाळू उडते आणि जिथे स्थिर असतो तिथे जमून रेषा उमटतात. रांगोळीच म्हणा ना. पुतण्या खरोखरच रांगोळीचा डबा घेऊन निघाला होता. पण रांगोळी दगडाची, गाडीच्या रंगाला चरे पडले असते. म्हणून आईने रवा दिला. छपरावर रवा भुरभुरवून 45 हर्ट्झचा सूर लावला. मधला रवा टणाटण उडू लागला, कडेचा जागचा हलला नाही. म्हणजे तक्ता मध्ये हवा. कडेला लावणे म्हणजे पैसे चिकटवणे. सबंध पत्रा झाकण्याचीही गरज नसते. सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला की घुमण्याचा बहुतेक जोर जातो. दुकानाच्या 25,000 रुपयांतले बरेचसे इथेच वाचले.

छपराच्या आतले अस्तर उतरवणे आणि दार उघडणे ही कामे मात्र आम्ही ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतली, आणि वाचकांनीही तसेच करावे. कडेच्या खांबांत आणि छपराच्या कडांना अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या एअरबॅगा असतात. तिथे फोम कोंबला तर ती पिशवी नको त्या वेळी अडेल. त्या ठिकाणी काहीही भरायचे नाही. दाराच्या तळाशी पाणी निथळायला भोके असतात, ती बुजली तर एका पावसाळ्यात दार आतून गंजते. आतल्या बाजूला प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. तो निरुपयोगी समजून लोक फेकून देतात आणि मग आषाढात पाय ठेवायच्या जागी पाणी का साचते म्हणून विचारतात. तो होता तसा परत लावला पाहिजे. कुलपाच्या सळयांना आणि मोकळ्या वायरींना बनातीची पट्टी गुंडाळली. खरे म्हणजे 'झर्र'चा मोठा भाग त्या सळयांचाच निघाला.

तक्त्याऐवजी गच्चीला लावायचा डांबराचा पट्टा स्वस्तात मिळतो, तो लावा म्हणणारे भेटतात. वैशाखात बंद गाडी तापते तेव्हा तो मऊ पडतो, वास मारतो आणि दाराच्या पोटात घसरून बसतो. ब्यूटाइलच घ्यावे. पत्रा स्पिरिटने स्वच्छ पुसून, तक्ता रूळ फिरवून चेपून बसवावा. हवा राहिली तर तो सुटतो. रूळ मिळेना, तेव्हा पुतण्याने आईचे पापडाचे लाटणे नेले. ते परत स्वयंपाकघरात घ्यायला आई तयार नाही.

आणखी एक काम फुकटात झाले. सगळे आवाज थांबल्यावर एक खडखड उरली. ती सुराबरोबर चढेना की उतरेना, पण इंजिन चालू केले की येई. मेकॅनिकने खाली पाहिले. सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचे दोन बोल्ट पडून गेले होते आणि पत्रा एकाच बोल्टावर लोंबत होता. किती महिने लोंबत होता कोण जाणे; गाण्याच्या दणक्यात कुणाला ऐकू येणार? भर रस्त्यात मागच्या दुचाकीच्या पुढ्यात तो पडला असता तर, या विचाराने दादांना त्या रात्री झोप लागली नाही.

एकूण खर्च 3,800 रुपये झाला, त्यात मेकॅनिकची मजुरी आली.

मग पेटीचे कान पिळले. 80 हर्ट्झच्या वरचे तिच्याकडे जाऊ नये अशी चावी असते, ती बसवली. खर्ज कृत्रिमपणे फुगवणारे एक बटण असते, ते शून्यावर आणले. खर्ज 6 डेसिबलने फुगवायचा तर चौपट वीज लागते. तेवढी ताकद नसलेले यंत्र सूर फाडू लागते, आणि त्या फाटलेल्या सुरालाच पुष्कळ लोक दाराची थरथर समजतात. कानाचाही हिशेब आहे: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असे धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. खर्ज कानाला बोचत नाही म्हणून तो कमी आहे असे वाटते; तसे नसते. आणि इतके केल्यावर शेजाऱ्यांची सुटका होईल अशी समजूत करून घेऊ नये. दारे न वाजण्याची व्यवस्था झाली म्हणून खर्ज दारात अडत नाही, तो पत्र्यातून बाहेर जातोच. फाटकात शिरताना पुतण्या आता आवाज उतरवतो, ते आजीच्या धाकाने.

दुसऱ्या रविवारी आई गाडीत जाऊन बसली. तीन अभंग झाले. चौथ्याच्या मध्ये एका ठिकाणी अण्णांची थाप जराशी मागे रेंगाळते; आईने तिथे मान हलवली आणि म्हणाली, "इथे नेहमी असंच करायचे. बुवा रागवायचे." ही गोष्ट आम्हा दोघा भावांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

असे असले तरी सगळाच खडखडाट वाईट असतो असे समजू नये. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहावे. तार घोडीच्या सपाट पाठीला किंचित चाटत राहावी म्हणून कारागीर ती पाठ तासून तासून बेताची करतो आणि वाजवणारा खाली एक दोरा सरकवतो. ती झणझण नसेल तर तंबोरा मुका. तीच गोष्ट नंबर प्लेट करते तेव्हा आपण फोम आणायला धावतो. फरक इतकाच की तिथली झणझण कुणीतरी कान देऊन बसवलेली असते.

आमच्या गाडीत आता एकच कुरकुर उरली आहे, समोरच्या डॅशबोर्डाच्या पोटात कुठेतरी. तो उघडायचा म्हणजे अर्धी गाडी सुटी करावी लागते. मेकॅनिक म्हणाला, राहू द्या. थंडीत प्लास्टिक आकसते तेव्हा ती येते. वैशाखात पार गेली होती. आता पहाटे गारठा पडू लागला की पुन्हा सुरू होईल.